बांधावरची सौंदड

कोणी भाकरी थापता थापता ऐकत असेल, कोणी शेळ्या बांधून नुकतीच ओसरीवर टेकली असेल. हातातलं काम थांबवू नका. आजचं बोलणं एका झाडाबद्दल आहे, आणि हे झाड तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी आज येता-जाता पाहिलंही असेल.

गेल्या माघातली गोष्ट. आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते झाले, सह्या-अंगठे झाले. उठायच्या वेळी एक मावशी म्हणाल्या, "मला पाच हजार पाहिजेत." कशासाठी? तर त्यांच्या बांधावर सौंदडीची तीन झाडं आहेत. लाकडाचा व्यापारी येऊन गेला होता. तिन्ही झाडांचे मिळून साडेचार हजार द्यायला तयार होता. घरात नातीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते, आणि मावशींचे मालक झाडं द्यायला राजी झाले होते. मावशी म्हणाल्या, "पैसे मी गटाचे देते, पण झाडं राहू द्या, असं मला घरी सांगायचंय."

आजवर आम्ही शेळीसाठी, शिलाई मशिनसाठी, दवाखान्यासाठी, बियाण्यासाठी कर्ज दिलं. एकदा तर कोर्टाच्या तारखेसाठीही दिलं. झाड न तोडण्यासाठी कर्ज कोणी मागितलं नव्हतं. इतिवृत्तात कारण काय लिहायचं, इथपासून अडलं. एक जण हसून म्हणाली, "अगं, काट्याच्या झाडासाठी व्याज भरणार व्हय?" त्या बैठकीत काय ठरलं ते सांगतोच. पण त्याआधी या काट्याच्या झाडाची ओळख करून घेऊ, कारण ती नीट नसल्यामुळेच आमची पंचाईत झाली होती.

सौंदड म्हणजे शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो, गणपतीला जिची पत्री वाहतो, अज्ञातवासाला निघताना पांडवांनी जिच्यावर शस्त्रं ठेवली, तीच. सोलापूर-कोल्हापूरकडच्या बायका कर्नाटकात माहेर असेल तर तिला बन्नी म्हणतील. नांदेडच्या पलीकडे तेलंगणात ती जम्मी, आणि तिथं तर ते राज्याचं झाड आहे. गुजरातेत खीजडो, पंजाब-हरियाणात जंड किंवा जांड, आणि राजस्थानात खेजडी. पार आखाती देशांतल्या वाळवंटात तिला घाफ म्हणतात. आपल्या गावातली जी मुलं दुबईकडे कामाला गेली आहेत, त्यांनी ती तिथं पाहिली असेल. ते त्या देशाचं राष्ट्रीय झाड आहे.

आता ओळखायची कशी? इथं तीन झाडांचा घोळ होतो. नदीकाठी, गायरानात, रस्त्याच्या कडेला माजलेली ती वेडी बाभूळ. ती परदेशातून आलेली आहे. तिचे काटे लांब आणि पानाच्या बेचक्यात जोडीनं असतात. आपली देशी बाभूळही जोडकाट्याची, पण तिचं फूल पिवळ्या गोंड्यासारखं आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी. सौंदडीचा काटा आखूड, बुडाशी रुंद आणि सुटा असतो. फांदीवर जागा मिळेल तिथं एकेकटा. पानं अगदी बारीक, राखट हिरवी. फूल म्हणजे बोटाएवढा पिवळट तुरा. शेंग बारीक, लांब, चवळीच्या शेंगेसारखी लोंबणारी.

आणखी एक. रोपवाटिकेत "शमी" म्हणून कुंडीत लावायला जे देतात, ते बऱ्याचदा वेगळंच काटेरी झुडूप असतं. त्याचा तुरा दोन रंगांचा असतो, अर्धा गुलाबी, अर्धा पिवळा, आणि शेंगा वेटोळ्या होऊन गुच्छात राहतात. पूजेला ते चालतं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण बांधावर लावायला म्हणून पैसे देऊन आणत असाल तर फूल बघून घ्या. आम्ही एकदा दहा रोपं आणून फसलो आहोत.

खरं सांगायचं तर आम्हालाही या झाडाची किंमत गावात राहून कळली नाही. त्यासाठी जोधपूरला जावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी शेळीपालनाच्या प्रशिक्षणाला आम्ही नऊ जणी तिकडे गेलो होतो. चैत्र संपत आला होता. गाडीतून बाहेर बघावं तर वाळू, आकाश आणि मधून मधून डेरेदार हिरवी झाडं. बाकी सगळं वाळलेलं आणि हीच तेवढी हिरवी. आमच्यातली एक म्हणाली, "इतक्या उन्हात यांना पाणी कोण घालतं गं?" दुसऱ्या दिवशी एका गावात गेलो आणि शेतात उतरून जवळून पाहिलं, तर ती म्हणते, "अगं बया, ही तर आपली सौंदड!"

तिथल्या गटाच्या बायकांकडे आम्ही दोन दिवस राहिलो. अर्धी हिंदी, अर्धी मारवाडी, उरलेलं हातवारे. पहिल्याच दिवशी बाजरीच्या रोटीबरोबर एक भाजी वाढली, काळपट, बारीक काड्यांसारखी, तेलात परतलेली, आंबटसर. आम्हाला वाटलं गवारीच्या शेंगा वाळवून केल्या असतील. ती सांगरी होती, म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा. तिच्यात कैरही होते. कैर म्हणजे आपल्या नेपतीची फळं, जी आपण माळावर पडू देतो.

मग ताटावरच चौकशी सुरू झाली. शेंगा कोवळ्या असतानाच काढतात, बी भरायच्या आत. एकदा बी टणक झालं की भाजीला ती शेंग गेली. पहाटे उजाडायच्या आधी बायका निघतात, कारण नऊ वाजता उन्हात उभं राहवत नाही. काही आकडीनं फांदी ओढतात, काही जणी वर चढतात. हात ओरबाडून निघतात. त्या बाईनं आम्हाला मनगट दाखवलं, बांगडीच्या वर कोपरापर्यंत बारीक पांढऱ्या रेघा होत्या. घरी आणून निवडायच्या, मिठाच्या पाण्यात उकडायच्या, आणि खाटेवर पसरून वाळवायच्या. टोपलीभर हिरव्या शेंगा वाळून ओंजळभर होतात. पण त्या ओंजळीला वर्षभर काही होत नाही. करायच्या वेळी रात्री भिजत घालायच्या, सकाळी उकडून पाणी काढायचं, मग लाल मिरची, धने, आमचूर घालून परतायच्या. पाणी नसलेल्या मुलखातली भाजी आहे ती. हिरवी भाजी मिळायची नाही त्या दिवसांसाठी झाडावरून उतरवून ठेवलेली.

जोधपूरच्या बाजारात हीच सांगरी आम्ही नंतर दुकानात पाहिली. काजू-बदामाच्या ओळीत ठेवली होती, आणि भावही त्या ओळीला शोभणारा होता. आमच्यातल्या एकीनं अर्धा पाव घेतली आणि परतीच्या गाडीत सगळ्यांना दाखवत राहिली, की ही बघा, आपल्या शेळ्या खातात ती.

त्या घरच्या बाईनं आम्हाला विचारलं होतं, "तुमच्याकडे खेजडी नाही का?" आम्ही म्हटलं, आहे. "मग सांगरी कुठं विकता?" यावर नऊ जणींपैकी एकीलाही बोलता आलं नाही. शेवटी एकीनं खरं ते सांगितलं, की आम्ही लाकूड विकतो.

खेजडीच्या पाल्याला तिकडे लूंग म्हणतात. हिवाळ्यात, कार्तिक ते पौष या दिवसांत फांद्या छाटतात, पाला झोडून वाळवतात आणि कणगीत भरून ठेवतात. शेळ्या, मेंढ्या, उंट, गाई सगळे तो खातात. पिकून वाळलेल्या शेंगेला खोखा म्हणतात. तिच्यातला गर गोड असतो, लहान मुलं चघळतात, उरलेलं जनावरांना. छाटलेल्या फांद्या कुंपणाला आणि चुलीला. आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी त्या झाडाची एकही काडी वाया जाऊ दिली नाही.

आणि झाड कुठं? बांधावर तर होतंच, पण शेताच्या मधोमधही होतं. बाजरीत, मुगात, मटकीत. आपल्याकडे पिकात झाड ठेवलं तर शेजारी हसतो, सावलीनं पीक जातं म्हणतो. तिथले शेतकरी उलट सांगत होते, की खेजडीखालची बाजरी बाकीपेक्षा बरी येते. जोधपूरला काझरी म्हणून कोरडवाहू मुलखासाठीची केंद्राची मोठी संशोधन संस्था आहे. तिथंही या झाडाखालच्या मातीचा अभ्यास झाला आहे, आणि ती माती उघड्या जमिनीपेक्षा कसदार भरते असं दिसलं आहे. कारण असं, की हे झाड तूर-हरभऱ्याच्या जातकुळीतलं आहे. मुळांवरच्या गाठींतून ते हवेतलं नत्र जमिनीत आणतं. पाला गळून खत होतो. सावली विरळ असते, पिकावर अंधार पडत नाही. मूळ सरळ खाली जातं, ३० मीटरच्याही खाली गेलेली मुळं सापडली आहेत. आपल्या कितीतरी विहिरी तेवढ्या खोल नाहीत. त्यामुळे ते वरच्या थरातल्या ओलीवर पिकाशी भांडत बसत नाही. वर्षाला १०० मिलिमीटर पावसातही ते जगतं. आपल्या आष्टी-पाटोद्याला वाईटात वाईट साली यापेक्षा बरा पाऊस होतो.

दुष्काळाचं त्या गावातल्या एका आजींनी सांगितलं. पूर्वीच्या मोठ्या दुष्काळात माणसांनी खेजडीची साल दळून पिठात मिसळून खाल्ली, असं त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलं होतं. परत आल्यावर आम्ही वाचून पाहिलं. १८६८-६९ सालच्या राजपुतान्यातल्या दुष्काळात लोकांनी या सालीच्या भाकरी करून जीव वाचवल्याची नोंद आहे. आपल्याकडे ७२ च्या दुष्काळात सुकडी खाल्लेल्या बायका अजून आहेत. त्यांना आम्ही हे सांगितलं तर एक आजी म्हणाल्या, "साल खाल्ली म्हणजे झाड मेलं असणार की." त्यांचा हिशेब बरोबर होता. माणसं वाचली ती झाडाच्या जिवावर.

खेजडीचं बोलणं निघालं की तिकडे एका गावाचं नाव निघतंच, खेजडली. जोधपूरपासून जवळ आहे. १७३० साली जोधपूरच्या महाराजा अभयसिंहाच्या नव्या महालासाठी चुना भाजायला लाकूड हवं होतं, म्हणून माणसं खेजडी तोडायला या गावात आली. गाव बिश्नोई लोकांचं. गुरू जांभेश्वरांनी १४८५ साली त्यांचा पंथ सुरू केला आणि २९ नियम घालून दिले. हिरवं झाड तोडू नये हा त्यातला एक. गावातल्या अमृतादेवी नावाच्या बाईनं झाडाला मिठी मारली आणि तोडायला नकार दिला. तिला कुऱ्हाडीनं मारलं. तिच्या मागोमाग आसू, रत्नी आणि भागू या तिच्या तीन मुली पुढे झाल्या. त्यांनाही मारलं. मग आजूबाजूच्या गावांतून बिश्नोई येत गेले आणि एकेका झाडापाशी एकेक जण मरत गेला. एकूण ३६३ बायका-पुरुष गेले, तेव्हा राजानं तोड थांबवली. भाद्रपद शुद्ध दशमीला तिथं अजूनही जत्रा भरते. आमचा जायचा महिना तो नव्हता, पण आम्ही ती जागा बघून आलो. सावलीत बसलो. फार कोणी बोललं नाही.

आम्ही ही गोष्ट गटांत सांगतो तेव्हा बायका डोळ्याला पदर लावतात. पण आम्हाला कोणी झाडासाठी मरा असं सांगायचं नाही. उलट आमच्या मनात वेगळंच आलं होतं. आपणही दसऱ्याला याच झाडाला हळदीकुंकू वाहतो. गणपतीत तर गाडीवर बसून येणारी मुलं पत्रीसाठी फांद्याच्या फांद्या ओरबाडून नेतात आणि तालुक्याला विकतात. आणि वर्षाचे उरलेले दिवस तेच झाड आपल्याला कोणाच्या हिशेबात दिसत नाही. राजस्थाननं १९८३ साली खेजडीला राज्याचं झाड केलं. आपल्या तलाठ्याच्या दप्तरात आंबा-चिंचेची नोंद सापडेल, सौंदडीची सापडली तर आम्हाला कळवा.

तिकडेही सगळं चांगलंच चाललंय असं समजू नका. ट्रॅक्टरच्या खोल नांगरटीनं मुळं तुटतात आणि नवी रोपं वरच येत नाहीत. मुळाला बुरशी लागून आणि खोडकिडीनं उभी झाडं वाळतात. पाणी खाली गेलंय. दरवर्षी पूर्ण बोडकी केल्यानं झाडं खचतात. बिकानेरकडे सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठी खेजडी तोडतात म्हणून अलीकडे लोकांनी धरणी धरली. म्हणजे भांडण तिथंही संपलेलं नाही.

आता आपल्या बैठकीकडे येतो.

मावशींना विचारलं, झाडं का ठेवायची आहेत? त्या म्हणाल्या, "छावणीचं साल आठवा." आमच्याकडे दुष्काळात चारा छावणी लागली होती तेव्हा गाई, बैल, म्हशी छावणीत गेल्या. शेळ्या घरीच राहिल्या. मावशींच्या पाच शेळ्या त्या उन्हाळ्यात या तीन झाडांच्या पाल्यावर आणि शेंगांवर जगल्या. शेजारणीनं तिच्या शेळ्या पडत्या भावानं विकल्या, आणि पाऊस झाल्यावर दुप्पट पैसे मोजून दुसऱ्या घेतल्या. मावशींना विकाव्या लागल्या नाहीत. त्याच शेळ्यांच्या करडांवर नात बारावीपर्यंत शिकली. म्हणजे आज नातीच्या प्रवेशासाठी जी झाडं विकायची, त्याच झाडांनी तिला इथवर आणलं होतं. हे मावशींनी असं जुळवून सांगितलं नाही. त्यांनी फक्त शेळ्यांचा हिशेब सांगितला. जुळवणी आम्ही केली.

मग बैठकीतच एक जण जमिनीवर काडीनं मांडायला लागली. साडेचार हजार एकदाच येणार. त्यातून प्रवेशाची फी जाईल, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाल्याऐवजी कडबा विकत घ्यावा लागेल. पाच शेळ्यांना दोन महिने म्हटलं तरी पैसे कुठल्या कुठे जातात. गटाच्या कर्जाला व्याज आहे खरं, पण ते व्याज परत गटातच येतं. पंधरा मिनिटांत ठरलं. पाच हजार मंजूर, दहा हप्ते. इतिवृत्तात आम्ही लिहिलं: कारण, शेळीचा चारा राखणे. बँकेच्या साहेबांनी वाचलं तर त्यांना कळेल असं.

सगळं इतकं सरळ झालं असतं तर आज भाषणच करावं लागलं नसतं. तीन झाडांपैकी एक सामाईक बांधावर होतं. मावशींच्या दिरांचा त्यात हिस्सा. दीर म्हणाले, माझ्या वाट्याचं मी विकणार. मावशी म्हणाल्या, मी पैसे देते. दीर म्हणाले, "जमीन तुमच्या नावावर आहे का?" नव्हती. सातबारा मालकांच्या नावावर, आणि मालक भावाशी वाकडं घ्यायला तयार नव्हते. आम्ही चौघी जणी जाऊन बोललो. दिरांनी चहा दिला, मान दिला, आणि झाड दुसऱ्या दिवशी पहाटे कापलं. आम्ही पोचलो तेव्हा ट्रॉली भरून निघून गेली होती. बुंध्याच्या कापावर ओल होती. चांगली ओल. माघात, विहिरीला पाणी नसताना.

यातून आम्हाला एक कळलं ते सांगतो. झाड राखायचं म्हणजे आधी बोलायचा हक्क लागतो, आणि तो सातबाऱ्यावर नाव असल्याशिवाय कोणी मानत नाही. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची लक्ष्मी मुक्ती योजना महाराष्ट्रात १९९२ पासून आहे. नवऱ्यानं स्वतः अर्ज द्यायचा असतो. आपल्या गटांत किती जणींची नावं लागली आहेत? आम्ही मागच्या महिन्यात हात वर करायला सांगितलं तर एका गावात बावीस जणींत दोन हात आले. मावशींच्या मालकांनी आता अर्ज दिला आहे. तो मावशींनी कसा मिळवला ते त्या सांगत नाहीत, नुसत्या हसतात.

उरलेल्या दोन झाडांवर आम्ही शिकत आहोत. जे जमलं आणि जे फसलं ते दोन्ही सांगतो.

पहिली छाटणी. आपण झाड छाटतो म्हणजे बोडकं करतो. पूर्ण वाढलेलं झाड शेंडा तेवढा ठेवून सगळं छाटलं तर सुमारे ६० किलो हिरवा पाला निघतो, खालचा दोन तृतीयांश भाग छाटला तर ३० च्या आसपास, आणि खालचा एक तृतीयांशच छाटला तर २० किलो, असं राजस्थानातलं मोजमाप आहे. ६० ऐकून मोह होतो. पण दरवर्षी ६० काढलं की झाड मागं हटतं, शेंगा धरत नाही, कीड लागते. आम्ही ठरवलंय की वरचा डेरा ठेवायचा, खालचंच घ्यायचं, आणि दोन झाडं असतील तर एक वर्ष आड एकेक छाटायचं. कापताना कोयता धारेचा हवा. फांदी चिरफाळली की तिथून पाणी आणि किडा आत शिरतो.

पाला शेळीला नुसताच घालू नका. त्यात तुरटपणा असतो, फार झाला तर पचायला जड जातो. कडबा, गवत यांच्या सोबतीनं द्या. वाळवून ठेवला तर उन्हाळ्यात उपयोगी पडतो, पण सावलीत वाळवा.

दुसरी, सांगरी. पहिल्या वर्षी आम्ही मोठ्या हौसेनं शेंगा काढल्या, उकडल्या, वाळवल्या. भाजी केली तर दोरा चावल्यासारखी लागली. उशीर झाला होता, बी भरलं होतं. जोधपूरच्या बाईनं सांगितलेलं आम्ही विसरलो नव्हतो, पण "अजून चार दिवस, जरा मोठ्या होऊ द्या" असा लोभ झाला. गेल्या वर्षी अगदी कोवळ्या काढल्या. दोन झाडांच्या मिळून किलोभरही वाळवलेल्या झाल्या नाहीत, पण भाजी झाली. पुरुषांनी पहिल्या दिवशी नाकं मुरडली. मावशींनी दुसऱ्या खेपेला ताकात उकडून, शेंगदाण्याचं कूट घालून केली, तेव्हा संपली. विकायचं बोलणं आम्ही अजून करत नाही. विकण्याइतकी झाडंच आमच्याकडे उरलेली नाहीत. आणि कोणी येऊन "सांगरीचा उद्योग करा, यंत्र घ्या" म्हणालं तर आधी बांधावरची झाडं मोजा, मग यंत्राचं बोला.

तिसरं, नवी रोपं. शेंगा वाळून पिवळसर तपकिरी झाल्या की झाडावरूनच काढा. खाली पडलेल्यांत किडा असतो, बीला बारीक भोक दिसेल. बी कठीण असतं, म्हणून रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं. फुगलेलं तेवढं लावायचं. पिशवी उंच हवी. आम्ही पहिल्यांदा नेहमीच्या बुटक्या पिशव्या घेतल्या. सोटमूळ तळाला जाऊन वेटोळं झालं आणि लावल्यावर निम्मी रोपं गेली. आता तेलाच्या आणि दुधाच्या मोठ्या पिशव्या धुऊन वापरतो, तळाला भोकं पाडून.

पहिल्या वर्षी रोप वीतभरही वाढत नाही. घाबरू नका, ते खाली वाढत असतं. पण त्या वीतभर रोपाचा सगळ्यात मोठा शत्रू आपलीच शेळी. पहिली तीन-चार वर्षं भोवती बोराटी लावावीच लागते. ज्या झाडानं शेळी जगवायची त्याला आधी शेळीपासून वाचवायचं, हा उलटा न्याय आहे खरा. बांधावर आपोआप उगवलेलं रोप दिसलं तर ते सोन्यासारखं जपा. त्याचं मूळ आधीच खाली गेलेलं असतं, ते पिशवीतल्यापेक्षा पक्कं. नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टरवाल्याला दिसावं म्हणून शेजारी काठी रोवून चिंधी बांधा. काठीला लाल चिंधी बांधल्यापासून आमची सात रोपं वाचली आहेत.

वेळ लागतो, हे लपवून उपयोग नाही. बियाणाचं झाड शेंगा धरायला कितीतरी वर्षं घेतं. बिकानेरच्या केंद्रीय संस्थेनं 'थार शोभा' नावाची डोळा भरून केलेली जात काढली आहे, ती लवकर शेंगा धरते. आमच्याकडे अजून कोणी आणून लावलेली नाही, त्यामुळे आपल्या जमिनीत कशी येते ते लावून पाहिल्यावरच सांगू. औषधी गुणांबद्दल आम्ही काही बोलणार नाही, ते आमचं काम नाही. झाड तोडायचंच असं घरात ठरलं तर परवानगी लागते का, हे तलाठ्याला किंवा वनरक्षकाला आधी विचारा. विचारायला गेलं की दोन दिवस जातात, आणि दोन दिवसांत कधी कधी मन बदलतं.

मावशींचे सात हप्ते फिटले आहेत. नात औरंगाबादला, म्हणजे संभाजीनगरला, शिकते आहे. सुट्टीत आली तेव्हा आजीबरोबर शेंगा काढायला गेली होती, आणि हातावरचे ओरखडे दाखवत होती. कापलेल्या तिसऱ्या झाडाच्या बुंध्यातून पावसाळ्यात चार फुटवे आले. दिरांनी ते ठेवले आहेत. का ठेवले, ते आम्ही विचारलं नाही. बोराटी मात्र मावशींनी लावली, आणि या खेपेला त्यांना कोणी अडवलं नाही.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या बांधावरची सौंदडीची झाडं मोजून आकडा आणा. लहान-मोठी वेगळी मोजा. ज्यांच्या झाडाला वाळलेल्या शेंगा असतील त्यांनी मूठभर बी आणा, कागदात बांधून, वर गावाचं नाव लिहून. उंच पिशव्या आम्ही आणतो.